माणूस ठेवायचं म्हणजे पोट ठेवायचं: सतराव्या शतकातल्या इंग्लिश जमीनदाराघरची नोकरमाणसं आणि बेगमी

कादंबरी लिहिणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आहे. १६४० च्या सुमाराचं इंग्लंडमधलं एक खानदानी जमीनदार घर त्यांना उभं करायचं आहे. नुकतीच लग्न होऊन आलेली मालकीण घराचा कारभार हाती घेते. तिनं नोकर कुठून आणायचे, ठरवाठरव कशी करायची, पगार किती द्यायचा, घरात लागणारा माल कुठून यायचा, आणि ती स्वतः बाजारात जायची का, असं त्यांनी विचारलं आहे. मी गेली बरीच वर्षं इंग्लंडमधल्या काउंटी (म्हणजे तिकडचा जिल्हा) रेकॉर्ड ऑफिसांत अशा घरांच्या हिशेबवह्या वाचण्याचं काम करते. त्यामुळे उत्तर लांबणार आहे, पण या विषयात थोडक्यात सांगितलेलं हमखास चुकीचं समजलं जातं.

आधी मुख्य मुद्दा सांगते. तुम्ही नोकर आणि माल हे दोन वेगळे प्रश्न म्हणून विचारलेत. त्या मालकिणीच्या दृष्टीनं तो एकच प्रश्न होता. नोकर घरात राहायचा, घरात जेवायचा, घरात झोपायचा. रोख पगार हा त्याच्या मोबदल्याचा लहान भाग, मोठा भाग म्हणजे पोट. एक माणूस वाढवला की वर्षभराची भाकरी, बिअर, खारवलेलं मांस, मेणबत्ती आणि सरपण वाढलं. आणि तो माणूस ज्या कामासाठी ठेवला, ते काम बहुतेक वेळा हीच बेगमी करण्याचं. कादंबरीत हे दोन धागे वेगळे ठेवलेत तर घर खरं वाटणार नाही.

‘खानदानी’ म्हणजे कोण, तेही ठरवून घ्या. उमराव आणि सरदार यांच्या खालचा आणि स्वतः नांगर धरणाऱ्या सधन शेतकऱ्याच्या वरचा हा थर. जमिनीच्या खंडावर जगणारा, अंगमेहनत न करणारा, घराण्याचं चिन्ह मिरवणारा. नाइट, एस्क्वायर, १६११ पासून बॅरोनेट, हे त्यांचे किताब. वर्षाचं उत्पन्न काही शे पाउंडांपासून दोन-एक हजारांपर्यंत, आणि घरात नोकर साधारण दहा ते वीस. तुमच्या कथेसाठी पंधरा नोकर धरा. घरची चार-पाच माणसं मिळून रोजचं पान वीस जणांचं.

आता ते पंधरा जण कोण? वाचक लगेच व्हिक्टोरियन घर डोळ्यांसमोर आणतात. काळा पोशाख घातलेल्या मोलकरणी, तळघरातला स्वयंपाक, दोरी ओढली की वाजणारी घंटा. हे सगळं पुसून टाका. १६४० मध्ये अशा घरात पुरुष नोकर बायकांपेक्षा जास्त असायचे. कारभारी, बटलर, स्वयंपाकी, मोतद्दार, कोचमन, माळी, हुजऱ्या, भांडी घासणारा पोऱ्या, हे सगळे पुरुष. बायका म्हणजे दूधदुभत्याची बाई, धुण्याची बाई, खोल्या बघणारी, मुलं सांभाळणारी, आणि मालकिणीची खासगी सोबतीण. ही सोबतीण बऱ्याचदा एखाद्या कमी ऐपतीच्या पण त्याच थरातल्या घरची मुलगी असे आणि तिला नोकर म्हणून हाक मारलेली तिला खपत नसे. शतक पुढे सरकलं तसं बायकांचं प्रमाण वाढत गेलं, कारण त्या स्वस्त पडत.

बहुतेक जण पंधरा ते पंचवीस वयाचे आणि बिनलग्नाचे. इंग्लंडमध्ये तेव्हा लग्नं उशिरा होत, पंचविशीच्या आसपास किंवा नंतर. तोवर दुसऱ्याच्या घरी राहून काम करायचं आणि संसारापुरते पैसे साठवायचे, हा गावातल्या बहुसंख्य पोरापोरींच्या आयुष्याचा नेहमीचा टप्पा होता. त्यात कमीपणा नव्हता. म्हणूनच पिढ्यान्‌पिढ्या एकाच घराला चिकटलेला म्हातारा इमानी नोकर हे पात्र जपून वापरा. एखादा कारभारी किंवा एखादी दाई तशी असे. बाकीचे एक वर्ष, दोन वर्षं राहून निघून जात. नॉरफोकमधल्या हन्स्टनटनच्या लेडी ॲलिस ल स्ट्रेंज यांच्या वह्या तुम्हाला सगळ्यात उपयोगी पडतील. १६१० पासून त्यांनी घरचे हिशेब स्वतः ठेवायला घेतले आणि चार दशकांहून अधिक काळ ठेवले. त्यांतही नोकरांची नावं सतत बदलताना दिसतात. अशा घराची मालकीण दरवर्षी तीन-चार नवे चेहरे घेत असे, आणि हे तिला अपयश वाटत नसे.

माणसं मिळायची कशी, याची दोन तोंडं आहेत. घरातल्या आतल्या कामाला ओळखीतून. कुळाची मुलगी, धर्मोपदेशकाच्या बायकोनं सांगितलेली पोर, बहिणीनं पत्रातून सुचवलेला मुलगा. त्या काळच्या बायकांच्या पत्रव्यवहारात नोकरांची चौकशी हा कायमचा विषय आहे. तब्येत बरी का, झोप आवरते का, रागीट आहे का, हातचलाख आहे का. जुन्या मालकिणीचा शब्द हीच खात्री. तुमच्या मालकिणीच्या तोंडी पहिलं पत्र हेच घाला.

शेतीच्या आणि जडकामाच्या गड्यांसाठी दुसरी वाट होती. तिचं सगळ्यात जिवंत वर्णन यॉर्कशरच्या ईस्ट रायडिंगमधल्या एल्म्सवेलच्या हेन्री बेस्ट यांनी १६४२ च्या सुमारास आपल्या शेतीच्या टिपणांत लिहून ठेवलं आहे. तिकडे सालाची अदलाबदल सेंट मार्टिनच्या दिवशी, ११ नोव्हेंबरला व्हायची. त्याच्या आठ-पंधरा दिवस आधी मुख्य कॉन्स्टेबल गावोगावच्या कॉन्स्टेबलांना हुकूम धाडी, आणि ठरलेल्या दिवशी मालक आणि नोकर एका ठिकाणी जमत. बेस्ट सांगतात, माणूस मोकळा झाला आहे ना याची आधी खात्री करा. मग तो जन्मला कुठे, कुणाकडे राहिला, कोणकोणतं काम केलं, ते विचारा. जमलं तर त्याच्या आधीच्या मालकालाही विचारा. मुख्य गड्याला ते वर्षाला पाच मार्क देत, म्हणजे ३ पाउंड ६ शिलिंग ८ पेन्स. त्या बदल्यात त्यानं पेरणी, कापणी, वाटाण्याची गंजी रचणं, चार घोडे नीट हाकणं हे सगळं केलं पाहिजे, शिवाय बाजारात माल नेऊन विकण्याची सवय हवी. बाईमाणसाला पाउंड-सव्वा पाउंडाच्या आसपास.

सौदा ठरला की हातावर इसार ठेवायचा. एक-दोन शिलिंग, चांगल्या गड्याला त्याहून जास्त. इसार घेतला की करार झाला, कागदाची गरज नाही. आणि इसारासोबत बारीकसारीक अटी ठरत. कुणी जुना कोट मागे, कुणी विजार, कुणी टोपी किंवा बुटांची जोडी. मुली एप्रन किंवा आतला झगा मागत. माझ्या मते या अटींकडे नीट पाहिलं पाहिजे, कारण खरी घासाघीस इथेच व्हायची. पगाराची कमाल मर्यादा सरकारनं बांधलेली असे. मग चांगला माणूस ओढायचा तर वरून कपडालत्ता द्यायचा. आपल्याकडे सालगडी पाडव्याला साल ठरवताना धान्य, धोतरजोडी, चपला यांची बोली करतो, तशीच ही बोली. कादंबरीकाराला यातून संवाद फुकट मिळतात.

कायदा कोणता, ते थोडक्यात सांगते. १५६३ चा कामगार आणि कारागिरांचा कायदा संपूर्ण सतराव्या शतकात चालू होता. त्यानुसार दरवर्षी काउंटीचे न्यायाधीश मजुरीचे दर ठरवत. आणि हे न्यायाधीश म्हणजे तुमच्या नायिकेचा नवरा किंवा त्याचे शेजारीच, हे विसरू नका. शेतीकामाचा करार वर्षाचा. सोडायचं किंवा काढायचं तर तिमाहीची आगाऊ सूचना. मालकानं सबळ कारणाशिवाय मध्येच काढलं तर ४० शिलिंग दंड, नोकर मध्येच पळाला तर तुरुंग. गाव सोडताना कॉन्स्टेबल आणि दोन प्रतिष्ठित घरधनी यांच्या शिक्क्याचा दाखला लागे, आणि दाखला न पाहता ठेवून घेणाऱ्या मालकाला ५ पाउंड दंड. हा कायदा मुख्यतः शेतीच्या आणि ठरावीक धंद्यांच्या नोकरांसाठी होता, पण वर्षाचा करार आणि तिमाहीची सूचना ही वहिवाट घरातल्या नोकरांनाही लागू पडलेली दिसते. व्यवहारात शिस्त इतकी कडक नव्हती. माणसं भांडून निघून जात, मालक हिशेब चुकता करून सोडून देत, आणि वहीत दोन शब्द लिहिले जात.

सालाची तारीख गावागणिक वेगळी होती. उत्तरेत सेंट मार्टिनचा दिवस, दक्षिण आणि पूर्वेच्या धान्याच्या मुलखात मायकेलमस म्हणजे २९ सप्टेंबर, पश्चिमेच्या गुरांच्या मुलखात मे महिन्याची सुरुवात. यामागे साधं गणित आहे. धान्याच्या मुलखात सुगी संपली की हात मोकळे होतात आणि कोठार भरलेलं असतं, म्हणून नवी पोटं तेव्हाच घरात घ्यायची. गुरांच्या मुलखात वसंतात गाई व्याल्या की दूधदुभतं वाढतं, हातांची गरज तेव्हा. तुमचं घर कुठल्या काउंटीत आहे ते ठरवा, मग सालाची तारीख आपोआप ठरेल.

पगाराबद्दल आणखी दोन गोष्टी. पैसे सहामाही किंवा तिमाहीनं मिळत, तेही अनेकदा थकत. मधल्या काळात मालकीण नोकराच्या वतीनं चांभाराचे, कापडाचे पैसे भागवी आणि हिशेबातून वळते करी. काही मुली मुद्दाम पैसे मालकिणीकडेच ठेवत, लग्नापर्यंत. आणि दुसरी गोष्ट बक्षिशीची. घरी पाहुणा राहून गेला की तो निघताना स्वयंपाकी, मोतद्दार, खोलीवाली यांच्या हातावर काहीतरी ठेवून जाई. पाहुण्यांची वर्दळ असलेल्या घरात कमी पगारावरही माणसं टिकत, त्याचं हे कारण.

शहराचा दर वेगळा होता. सॅम्युअल पेपीस यांनी लंडनमध्ये मार्च १६६३ मध्ये स्वयंपाकाची बाई वर्षाला ४ पाउंडांवर ठेवली आणि आजवर आपण एवढा पगार कधीच दिला नव्हता, असं रोजनिशीत लिहिलं. हा आकडा उचलून १६४० च्या खेड्यातल्या बाईला लावू नका.

आता पोटाचं गणित मांडते, कारण सगळं त्यावर उभं आहे. न्यायाधीशांच्या दरपत्रकांत रोजंदारीचे दोन दर असत, एक जेवणासह आणि एक जेवणाशिवाय. अनेक ठिकाणी जेवणाशिवाय ८ पेन्स तर जेवणासह ४. म्हणजे एका कष्टकरी पुरुषाच्या दिवसभराच्या खाण्यापिण्याची किंमत सरकारदरबारी सुमारे ४ पेन्स. मोठ्या घरात सगळं एकत्र शिजतं, म्हणून ३ पेन्स धरू. वर्षाला झाले ४ पाउंड ११ शिलिंग ३ पेन्स. सव्वा पाउंड पगाराची दुभत्याची पोर मालकिणीला पगाराच्या साडेतीन पटींहून जास्त जेवणात पडते. (एक पाउंड म्हणजे २० शिलिंग, एक शिलिंग म्हणजे १२ पेन्स.) म्हणून नव्या मालकिणीनं खर्च कमी करायचा ठरवला तर ती पगार कापत बसणार नाही, ती माणसं कमी करेल. घरची मंडळी हिवाळा काढायला लंडनला गेली की मागे राहिलेल्या नोकरांना जेवणाऐवजी आठवड्याचे ठरावीक पैसे दिले जात, आणि स्वयंपाकघराची चूल थंड ठेवली जाई, त्याचंही हेच कारण.

जेवणात सगळ्यात मोठी बाब बिअर. माणशी दिवसाला सुमारे एक गॅलन, म्हणजे साडेचार लिटर, हा अशा घरांचा ढोबळ अंदाज. बहुतेक पातळ बिअर, नशा येण्याइतकी नव्हे, पण पोटाला आधार देणारी. वीस माणसांचे वर्षाला ७,३०० गॅलन. बिअरचं पिंप ३६ गॅलनचं, तेव्हा दोनशेहून जास्त पिंपं. एवढी बिअर कुणी विकत आणत नाही. ती घरी गाळायची. त्यासाठी जव, जवाचं माल्ट (मोड आणून वाळवलेला जव), हॉप्स (बिअरला कडसर चव देणारी फुलं), मोठी तांब्याची कढई, सरपण आणि हे सगळं जमणारा माणूस हवा. कडक बिअर मार्च आणि ऑक्टोबरमध्ये, म्हणजे ना फार थंडी ना उकाडा अशा वेळी गाळत आणि ठेवून देत. पातळ बिअर वर्षभर, दर काही दिवसांनी. नोकर ठेवताना ‘दूध काढता येतं का, धुणं येतं का, भाजायला आणि बिअर गाळायला येते का’ असं विचारत, ते यासाठी.

भाकरीचे दर्जे असत आणि ते माणसाच्या पायरीप्रमाणे. वरच्या टेबलावर चाळलेल्या गव्हाची पांढरी, खाली गहू आणि राय (गव्हासारखंच एक हलकं धान्य) मिसळलेली किंवा जवाची. बेस्ट यांच्या टिपणांत दळणाला काय पाठवायचं ते लिहिलं आहे. घरच्यांच्या ‘पाय’साठी (पिठाच्या पारीत सारण भरून भाजलेला पदार्थ) निखळ गहू, गडीमाणसांच्या ‘पाय’साठी गहू-रायची मिसळ, आणि गड्यांच्या काळ्या भाकरीत राय, वाटाणा, जव. एकाच भट्टीत, एकाच दिवशी, हे वेगवेगळं पीठ भाजलं जाई. तुमच्या कादंबरीत कुणी नोकर पांढरी भाकरी खाताना दाखवलात, तर ती वरच्या पानातली उरलेली असली पाहिजे.

माल घरात कसा यायचा याकडे वळते. इथे हिशेबवही वाचणाऱ्याची सगळ्यात जास्त फसगत होते. वहीत विकत घेतलेल्याच गोष्टी दिसतात, म्हणून घर त्यावरच चाललं असं वाटतं. प्रत्यक्षात निम्म्याहून महत्त्वाच्या गोष्टींना पैसा शिवतच नाही. घरच्या शेतातलं धान्य, घरची गुरं-मेंढरं, दूध, लोणी, चीज. कबुतरखान्यातली पिलं, सशांचं रान, मासळीचं तळं, बागेतली फळं. मग कुळांकडून खंडाबरोबर येणारी कोंबडी, खच्ची केलेले कोंबडे, नाताळच्या सुमारास ठरलेले. ॲलिस ल स्ट्रेंज यांच्या वह्या मोलाच्या आहेत त्या यासाठी की त्यांनी स्वयंपाकघराच्या आठवड्याच्या हिशेबात विकत आणलेलं, घरचं, खंडातून आलेलं आणि भेट आलेलं असं वेगवेगळं नोंदवायची शिस्त ठेवली. सगळे असं करत नसत.

भेटींवर जरा थांबते, कारण मला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो. शेजारचा जमीनदार हरणाचं मांस पाठवी. कूळबाई अंडी किंवा एखादं कोकरू आणून देई. कुणी पेअर, कुणी मासा. भेट फुकट असते, म्हणून ती रोखीच्या वहीत येत नाही. येते ती आणणाऱ्या नोकराची बक्षिशी. ‘अमक्याच्या माणसाला, १ शिलिंग’ एवढीच नोंद असेल, तर त्यामागे हरणाची अख्खी तंगडी असू शकते. मी वही वाचताना अशा सगळ्या बक्षिशी वेगळ्या काढते, आणि मग घराचे संबंध कुणाकुणाशी होते त्याचा नकाशाच हाती येतो. आलेल्या भेटीची परतफेड व्हायचीच, सुगीत, आजारपणात, बाळंतपणात. तुमच्या नव्या मालकिणीला हे जाळं आधी शिकावं लागेल. कुणाकडून काय येतं, कुणाला काय पाठवायचं आणि कुणाच्या नोकराला किती द्यायचं. यात ती चुकली तर अख्ख्या तालुक्यात बोलणं होईल.

वर्षाची चाल अशी. शरदात धान्य भरलेलं. सेंट मार्टिनच्या सुमाराला जनावरं कापायची, कारण हिवाळ्यात सगळ्यांना पुरेल इतका चारा नसे. काही मांस ताजं खायचं, बाकी मिठात. म्हणजे उत्तरेत नवा नोकर घरात पाऊल टाकतो तो नेमका कापाकापीच्या आणि मीठ चोळायच्या आठवड्यात. त्याच जनावरांची चरबी वितळवून मेणबत्त्या होत, कातडं ते कमावणाऱ्याकडे जाई. मग लेंट, ईस्टरआधीचे चाळीस दिवस. मांस बंद, मासे चालू. वरच्या टेबलाला ताजा मासा, खालच्यांना खारवलेली हेरिंग आणि वाळवलेला कॉड. हे नियम धर्माइतकेच मच्छीमार आणि जहाजी टिकवण्यासाठी सरकारनं धरून ठेवले होते. वसंत हा सगळ्यात तंगीचा काळ, साठा संपत आलेला आणि नवं काही उगवलेलं नसतं. मे-जूनपासून दूध वाढतं, लोणी-चीज करायची घाई. सुगीत रोजंदारीची माणसं येतात, पानं दुप्पट होतात.

विकत घ्यायचं काय, तर मीठ, हॉप्स, मासळी, लोखंड, वाईन, मसाले, साखर, सुकी फळं, उत्तम कापड. जवळच्या आठवडी बाजारातून किरकोळ, आणि मोठी खरेदी जत्रेत. केंब्रिजजवळची सप्टेंबरातली स्टरब्रिज जत्रा हॉप्स, लोकर, कापड आणि खारवलेल्या मासळीसाठी दूरदूरपर्यंत प्रसिद्ध होती, पूर्वेकडचा कारभारी तिथे वर्षाची खरेदी उरकून येई. लंडनचा माल पत्र पाठवून मागवायचा. लंडनमधला नातेवाईक किंवा वकील तो घेई आणि ठरलेल्या खाणावळीवर ठरलेल्या वारी येणाऱ्या भाडेवाल्याच्या गाडीत चढवी. १६३७ मध्ये जॉन टेलर यांनी कुठल्या गावचा भाडेवाला लंडनच्या कुठल्या खाणावळीत कोणत्या दिवशी उतरतो, याची यादीच छापली होती. घर समुद्राजवळ असेल तर जड माल जहाजानं. पूर्व किनाऱ्यावर न्यूकॅसलचा दगडी कोळसा असाच येई, आणि नॉरफोकच्या घरांना वाईन मिळे ती किंग्ज लिन बंदरातून.

मसाल्यांच्या बाबतीत आपला संबंध येतो, पण तुमच्या काळाच्या जरा पुढे. ईस्ट इंडिया कंपनीची राजापूरची वखार १६४९ ची, आणि ती मुख्यतः मिरीसाठी. पुढे १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी राजापूर घेतलं तेव्हा वखारीतले इंग्रज कैद झाले. आदल्या वर्षी पन्हाळ्याच्या वेढ्यात या इंग्रजांनी सिद्दी जौहरला मदत केली होती. १६४० च्या घरातली मिरी मात्र जास्त करून जावाच्या बँटमहून आलेली असेल. साखर शंकूच्या आकाराच्या ढेपेत येई, ती चिमट्यानं फोडत आणि कुलपात ठेवत. बार्बाडोसची साखर १६४० च्या दशकात वाढू लागली आणि शतकाच्या उत्तरार्धात भाव उतरला. तो उतरला गुलामांच्या श्रमांवर. चहा तुमच्या घरात नको. लंडनमध्ये त्याची पहिली जाहिरात १६५८ ची.

वह्या स्वतः वाचायला गेलात तर दोन ठिकाणी जपा. वर्ष २५ मार्चला सुरू होई, म्हणून जानेवारीपासून २४ मार्चपर्यंतच्या नोंदींवर आपल्या हिशेबानं मागचं साल पडलेलं असतं. फेब्रुवारी १६४१ असं लिहिलं असेल तर तो आपला १६४२ चा फेब्रुवारी. आणि अंडी किंवा मासळीचा ‘शेकडा’ बऱ्याचदा १२० चा असतो. बुशेल हे धान्याचं मापही गावोगाव वेगळं. भाव आकाशाला भिडलेले वाटले तर आधी माप तपासा.

तुमची कथा १६४२ च्या पुढे जाणार असेल तर राजा आणि संसद यांच्यातलं यादवी युद्ध दारात येणारच. १६४३ मध्ये अबकारी कर आला, आधी बिअरवर, मग मांस आणि मिठावरही, आणि लोकांचा इतका राग झाला की मांस आणि देशी मीठ १६४७ मध्ये वगळावं लागलं. त्याच वर्षी संसदेनं नाताळ सण म्हणून रद्द केला, पण कुळांनी द्यायच्या नाताळच्या कोंबड्या काही माफ झाल्या नाहीत. ॲलिस यांचे पती सर हॅमन ल स्ट्रेंज १६४३ मध्ये राजाच्या बाजूनं किंग्ज लिनचे गव्हर्नर झाले आणि शहर महिन्याभरातच पडलं. पुढची वर्षं त्या घरानं भरपाईच्या दाव्यांत काढली, आणि तरी स्वयंपाकघराची वही चालू राहिली. १६४७ ते १६४९ मध्ये ओळीनं पिकं बुडाली, धान्य भयंकर महागलं. अशा वेळी पगार जवळजवळ तसाच राहतो, पण ताटाची किंमत दुपटीकडे जाते. घरात राहणाऱ्या नोकराला तेव्हा बाहेरच्या मजुरापेक्षा बरं, कारण त्याचं पोट मालकाच्या अंगावर. आणि मालकाला नेमकं तेव्हाच माणसं कमी करावीशी वाटतात. हे द्वंद्व तुमच्या कादंबरीच्या मध्यावर ठेवता येईल.

शेवटचा प्रश्न, मालकीण स्वतः बाजारात जायची का. रोजच्या खरेदीला नाही. ते काम कारभाऱ्याचं किंवा खास खरेदीसाठी ठेवलेल्या माणसाचं, आणि बाजारात विकण्या-घेण्याची सवय असलेल्या गड्याला जास्त पगार मिळे तो याचसाठी. आपल्या घरचं लोणी-चीज दुभत्याची बाई बाजारात नेऊन विकी. मालकीण जत्रेला जाई, शहरात गेली की कापड स्वतः बोटांनी चाचपून घेई, साखर आणि मसाला स्वतःच्या कुलपात ठेवी. पण तिचा खरा ताबा असे शनिवारी, हिशेबाच्या वेळी. आठवड्यात किती जण जेवले, किती पाहुणे आले, किती मांस उतरलं, किती पिंपं फोडली, हे कारभारी वाचून दाखवी आणि ती खाली सही करी किंवा रेघ मारून ‘हे जास्त आहे’ म्हणे. काही वह्यांत दोन अक्षरं दिसतात, नोंदी कारभाऱ्याच्या आणि बेरजा बाईच्या. तुमच्या नायिकेला सासूकडून किल्ल्यांचा जुडगा मिळेल त्याच दिवशी ही वहीही मिळू द्या, आणि पहिल्याच शनिवारी तिला बेरजेत चूक सापडू द्या. त्यानंतर कारभारी तिच्याशी कसा बोलतो, यावरून पुढची पन्नास पानं सहज लिहून होतील.